पार्कला लागून असलेल्या हॉटेलात पहिला मुक्काम : नाशिककरांना नेहमी पडणारे प्रश्न

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडपासून थेट देवळालीपर्यंतच्या ओळखीच्या घरांतून खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कबद्दल तीच विचारणा सुरू होते : "इमॅजिकाला जायचंय. तिथल्याच हॉटेलात राहावं का? बुकिंग कसं करायचं?" पैसे बरेच लागतात, मुलं महिनाभर आधीपासून दिवस मोजत असतात आणि सोबत आजी-आजोबाही असतात. त्यामुळे हा निर्णय नीट विचार करून घ्यावा असं मनापासून वाटतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

हे हॉटेल पार्कच्या आत आहे की जवळपास?

इमॅजिका रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्यावर आहे. थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क २०१४ मध्ये, आणि या दोन्हींच्या शेजारीच नोव्होटेलचं हॉटेल २०१५ मध्ये उघडलं. हॉटेलात २८७ खोल्या आहेत. सामान खोलीत टाकून गाडीला हात न लावता पार्कच्या गेटशी जाता येतं, आणि जादा पैसे मोजायचे ते याच एका सोयीसाठी. (नाशिककरांना आवडेल अशी एक गोष्ट : २०२२ पासून इमॅजिका आपल्या संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे.)

नेटवर शोधताना "इमॅजिकाजवळ" असं लिहिलेली पुष्कळ रिसॉर्ट दिसतील. त्यातली काही खोपोली गावात आहेत, काही कर्जतला, तर काही चक्क घाट चढून लोणावळ्याला. ती वाईट नाहीत, पण तिथे राहिलात तर सकाळ-संध्याकाळ पुन्हा गाडी, पुन्हा पार्किंग, पुन्हा ट्रॅफिक. बुक करण्याआधी नकाशा उघडून हॉटेल ते पार्कचं गेट हे अंतर स्वतः बघा.

नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येणार नाही का?

येतं. लोक जातातही. पण हिशोब मांडून बघा.

कुठल्या रस्त्याने जाता त्यावर अंतर १८० ते २२० किलोमीटर पडतं. वाटेत चहा-नाश्ता धरला तर साडेचार-पाच तास लागतात. थीम पार्क साधारण अकराच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे वेळेत पोचायचं तर पहाटे साडेपाचला घर सोडायचं. मुलांना पाचच्या आत उठवायचं. दिवसभर उन्हात रांगा, पायपीट, आरडाओरडा. संध्याकाळी पार्कमध्ये परेड असते, दिवे लागतात आणि पार्क सगळ्यात सुंदर दिसतं. नेमकं तेव्हाच तुमचं लक्ष घड्याळाकडे लागतं, कारण अजून पाच तास गाडी चालवायची असते. बंद होईपर्यंत थांबलात तर कसारा घाट मध्यरात्रीच्या आसपास येतो. समोर ट्रकची रांग, आणि स्टिअरिंगवर पहाटेपासून जागा असलेला माणूस. ही जोखीम घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ठाणे किंवा पुण्याच्या माणसाला पार्कमधला मुक्काम ही हौस वाटू शकते, कारण त्याचं घर दीड-दोन तासांवर आहे. नाशिकच्या कुटुंबाला त्या खोलीतून संध्याकाळचे तीन तास आणि एक सुरक्षित रात्र मिळते. खोली महाग आहे की स्वस्त, हे याच मापाने ठरवा. लॉबी किती भव्य आहे किंवा पलंगावर टॉवेलचा हंस केलेला असतो का, याला पहिल्या बुकिंगमध्ये फारसं महत्त्व देऊ नका.

एकच रात्र परवडते. ती पार्कच्या आदल्या दिवशीची घ्यावी की पार्क झाल्यावरची?

बुकिंगच्या आधी हा विचार फारसा कोणी करत नाही, आणि सहलीचा सगळा रंग मात्र यावरच ठरतो.

आदली रात्र घेतली तर दुपारी जेवून नाशिकहून निघायचं, संध्याकाळी पोचायचं, आराम करायचा आणि सकाळी ताजंतवानं पार्कमध्ये जायचं. ऐकायला छान वाटतं. पण दुसऱ्या दिवशी पार्क उघडायच्या वेळेलाच खोली सोडायची असते, दिवसभर परत यायला जागा नसते आणि रात्रीचा प्रवास जसाच्या तसा उरतो.

पार्कच्या दिवसाची रात्र घेतली तर पहाटे निघावं लागतं हे खरं. पण पोचल्यावर सामान हॉटेलात ठेवून थेट पार्कमध्ये जाता येतं. खोली दुपारी दोन-तीनच्या पुढे ताब्यात मिळते, म्हणजे दुपारच्या उन्हात धाकट्याला घेऊन कोणीतरी एक जण खोलीत जाऊन पडू शकतो. रात्री पार्क बंद होईपर्यंत थांबायचं, चालत खोलीवर यायचं आणि झोपायचं. सकाळी उशिरा नाश्ता, मुलांना हॉटेलच्या पूलमध्ये तासभर डुंबू द्यायचं, आणि दिवसाउजेडी घरी.

एकच रात्र असेल तर मी डोळे मिटून दुसरा पर्याय घेईन. पाच वर्षांखालचं मूल किंवा सत्तरीपुढचे आजी-आजोबा बरोबर असतील तर मात्र दोन रात्री काढा. पहाटेची धावपळ आणि पूर्ण दिवसाचं पार्क हे दोन्ही त्यांच्या अंगावर एकदम टाकू नये. दोन रात्री परवडत नसतील तर आदल्या रात्री भिवंडी-पनवेलकडे कुणी नातेवाईक असतील त्यांच्याकडे थांबा आणि पार्कच्या दिवसाची रात्र हॉटेलात घ्या. आपल्याकडे मामा-मावशी कुठे ना कुठे असतातच.

खोलीच्या भाड्यात पार्कचं तिकीट धरलेलं असतं का?

धरलेलं आहे असं कधीही गृहीत धरू नका. नुसती खोली, खोली आणि नाश्ता, खोली आणि पार्कची तिकिटं असे वेगवेगळे प्रकार विकले जातात आणि स्क्रीनवर ते एकाखाली एक, जवळपास सारखेच दिसतात. तिकिटं धरलेली असतील तर चार गोष्टी लेखी बघून घ्या : तिकीट थीम पार्कचं आहे, वॉटर पार्कचं की दोन्हींचं, किती माणसांचं आहे, किती दिवसांचं आहे, आणि मुक्कामाच्या कुठल्या दिवशी वापरता येईल. "फॅमिली पॅकेज" म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन मोठे आणि दोन लहान. तुमच्याबरोबर आत्या आली असेल तर तिचं तिकीट वेगळं काढावं लागेल.

रांगेत कमी थांबावं लागेल असं एक्सप्रेस तिकीट वेगळं मिळतं. हॉटेलात राहिलो म्हणून ते आपोआप मिळालं, असा समज करून घेऊ नका. साध्या मंगळवारी-बुधवारी गेलात तर त्याची गरजही पडणार नाही.

आणि एक सोपा ताळा : पॅकेज घेण्याआधी खोलीचा दर आणि तिकिटांचा दर वेगवेगळा जोडून बघा. कधी पॅकेज स्वस्त पडतं, कधी पडत नाही. तिकिटांवर बऱ्याचदा ऑनलाइन सवलती चालू असतात.

एका खोलीत किती जण मावतात? आम्ही सहा जण आहोत.

सहा जण एका खोलीत मावणार नाहीत आणि हॉटेल तसं करूही देणार नाही. साधारण हिशोब दोन मोठे आणि दोन लहान, किंवा जादा गादी घेऊन तीन मोठे असा असतो. लग्नकार्यात हॉलवर जमिनीवर सतरंज्या टाकून दहा जण झोपतात, तसं इथे चालत नाही. प्रत्येक माणसाचं नाव नोंदवावं लागतं.

सहा जणांसाठी दोन खोल्या घ्या, आणि बुकिंग करतानाच आतून दार असलेल्या जोडखोल्या मागा. निदान एका मजल्यावर शेजारीशेजारी तरी द्या म्हणून सांगा. फोनवर सांगितलेलं पुरेसं नाही. बुकिंगच्या विशेष विनंतीच्या रकान्यात लिहा आणि निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा विचारा. विभागणी घरूनच करा. एक मोठं नातवंड आजी-आजोबांच्या खोलीत दिलं की दोन्ही खोल्या नीट भरतात, आणि रात्री आजीला सोबतही होते.

मुलांचं वय खरं लिहा. जादा गादी आणि मुलांचा नाश्ता यांचे दर वयावर ठरतात, आणि काउंटरवर आधार कार्ड दाखवताना घोळ झाला की सगळ्यांचाच मूड जातो.

स्क्रीनवर एक आकडा आणि शेवटी दुसराच, असं का होतं?

जीएसटीमुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचा खोलीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर गेला की १८ टक्के कर लागतो. याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. खोली ७,४०० रुपयांची असेल तर कर ३७० रुपये, एकूण ७,७७०. तीच खोली ७,६०० ची झाली तर कर १,३६८ रुपये, एकूण ८,९६८. दरात फरक दोनशेचा आणि बिलात जवळपास बाराशेचा.

म्हणून नाश्त्यासह आणि नाश्त्याशिवाय असे दोन्ही दर शेवटच्या पानापर्यंत नेऊन बघा. नाश्ता धरल्याने दर या रेषेपलीकडे जात असेल, तर नाश्ता वेगळा घेणं कधी कधी स्वस्त पडतं. एखादा दिवस मागे-पुढे केला तरी दर रेषेखाली येऊ शकतो. शनिवारची खोली आणि सोमवारची खोली यांच्या दरात चांगलंच अंतर असतं.

बुकिंग हॉटेलच्या वेबसाइटवर करावं, अ‍ॅपवर, की ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटकडून?

तिन्हीकडचा कर धरून अंतिम दर आणि रद्द करण्याचे नियम एका कागदावर शेजारीशेजारी लिहा. दर सारखेच असतील तर थेट हॉटेलकडे करा. तारीख बदलायची वेळ आली तर मध्ये कोणी नसतं, आणि जोडखोल्या, खालचा मजला, जैन जेवण अशा विनंत्या थेट त्यांच्यापर्यंत पोचतात. अ‍ॅपवर बँकेच्या कार्डाची सवलत मोठी असेल तर तिथे जरूर करा, मात्र बुकिंग झाल्यावर हॉटेलला फोन करून तुमचं नाव त्यांच्याकडे दिसतंय ना, हे विचारा. शरणपूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या ओळखीच्या एजंटकडून करत असाल तर हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर मागून घ्या. एजंटच्या लेटरहेडवरची पावती पुरेशी नाही.

एक सावधगिरी मात्र तिन्हींना लागू. हॉटेलचा फोन नंबर सर्चमध्ये वर आला म्हणून लावू नका, अधिकृत साइटवरून घ्या. हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर आणि खोट्या साइट बनवून लुबाडणारे आहेत. कोणी "रिफंड देतो, फक्त यूपीआय पिन टाका" म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

रद्द करावं लागलं तर?

स्वस्त दर बहुतेक वेळा परतावा न मिळणारा असतो. मुलं लहान असतील तर थोडे जास्त देऊन रद्द करता येणारा दर घ्या. आदल्या आठवड्यात ताप येणं हे आपल्या घरांत काही नवीन नाही. पार्कच्या तिकिटांचे नियम खोलीपेक्षा वेगळे असतात, तेही वाचा.

कोणत्या दिवसांत जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले मधले वार सगळ्यात चांगले. नाताळचा आठवडा सोडा, दिवाळीची सुट्टी शक्यतो सोडा, आणि लागून आलेल्या सुट्ट्या तर नकोतच, कारण तेव्हा मुंबई आणि पुणे दोन्हीकडची गर्दी तिथे येते. मे महिन्यात कोकणपट्टीचा दमटपणा आपल्याला सोसत नाही. नाशिकचं ऊन कोरडं असतं, इथे घामाने कपडे भिजतात. मे महिन्यातच जायचं असेल तर एक दिवस वॉटर पार्क धराच.

पावसाळ्याबद्दल दोन्ही बाजू सांगते. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे आणि तिथे पाऊस धो धो पडतो. डोंगर हिरवेगार होतात, खोल्यांचे दर उतरतात, गर्दी कमी असते. पण जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात. ज्या मुलाला फक्त रोलर कोस्टरच हवा आहे त्याला जुलैत नेऊ नका. ज्यांना आरामच करायचाय त्यांनी जुलैत खुशाल जावं. जाताना कसाऱ्याला धुकं आणि दरडी यांची बातमी बघून निघा.

२०२७ साठी आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या दिवसांत शहरातून बाहेर पडणं आणि परत येणं दोन्ही अवघड होणार, तेव्हा बुकिंग त्या तारखांपासून लांब ठेवा.

मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला सगळ्या राइडमध्ये बसता येईल?

वयापेक्षा उंची महत्त्वाची. तिकीट लहान मुलाचं की मोठ्याचं हेही उंचीवरच ठरतं, आणि प्रत्येक राइडची किमान उंची वेगळी असते. घरी भिंतीला टेकवून, चपला काढून उंची मोजा आणि अधिकृत साइटवरच्या यादीशी ताडून बघा. हे बुकिंगच्या आधी करा, कारण नायट्रोच्या गेटवर "तू बसू शकत नाहीस" असं ऐकून हिरमुसलेलं पोर दिवसभर सावरत नाही. नायट्रो हा पायाखाली तळ नसलेला रोलर कोस्टर आहे, पाय मोकळे लोंबकळतात. डीप स्पेस अंधारात वेगाने सुटतो, स्क्रीम मशीन उंच झोके घेतं. या तिन्हींसाठी सात वर्षांचं मूल बहुधा लहान पडेल. त्याला आधीच सांगून ठेवा, आणि त्याच्या उंचीला चालणाऱ्या राइडची यादी त्यालाच करायला द्या. यादी त्याच्या हातात असली की नाही मिळालं त्यापेक्षा पुढे काय आहे याकडे त्याचं लक्ष राहतं.

आजी-आजोबांना नेण्यात अर्थ आहे का?

नक्की आहे, आणि जवळच्या हॉटेलाचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांनाच होतो. पार्कमध्ये बसून बघण्यासारखंही बरंच आहे. आय फॉर इंडियामध्ये आसनावर बसल्या बसल्या उंचावरून देश बघितल्यासारखं वाटतं, संध्याकाळची परेड आहे, नुसतं नातवंडांना हात करत उभं राहणं आहे. ब्लड प्रेशर, हृदयविकार, पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर वेगाच्या राइड पूर्ण वर्ज्य.

त्यांना दिवसभर फिरवू नका. सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांना खोलीत निवांत बसू द्या, चारनंतर पार्कमध्ये बोलवा. एक जण जाऊन त्यांना घेऊन आला की झालं. पूर्ण दिवस फिरायचं नसेल तर त्यांचं तिकीट काढायचंच का, हाही विचार करा. आजीला विचारलंत तर ती बहुतेक "मी पूलपाशी बसते, तुम्ही जा" म्हणेल, पण परेड दाखवायला तिला आग्रहाने न्या. लिफ्टजवळची खोली आणि बाथरूममध्ये बाथटबऐवजी सपाट शॉवर मागा. टबची कड ओलांडताना म्हातारी माणसं घसरतात.

दुपारी खोलीवर येऊन परत पार्कमध्ये जाता येतं का?

बाहेर पडण्याआधी गेटवरच्या माणसाला विचारा आणि शिक्का किंवा बँड लागत असेल तर घ्या. विचारल्याशिवाय बाहेर पडू नका. मुक्काम जवळ घेतलाय तो या दुपारच्या विश्रांतीसाठीच, तेव्हा हा प्रश्न आदल्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरही विचारून ठेवा.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी?

नको. दोन्ही अर्धवट होतात आणि मुलं ओल्या केसांनी रांगेत उभी राहतात. दोन दिवस असतील तर एकेक दिवस द्या. वॉटर पार्कला नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, सुती टी-शर्ट आणि बर्म्युडा चालत नाहीत, साडी आणि पंजाबी ड्रेसही नाही. मेन रोड, शालिमारच्या दुकानांतून हे कपडे घरूनच घ्या. तिथे घ्यायला गेलात तर महाग पडतील आणि मापाचे मिळतीलच असं नाही.

जेवणाचं काय? घरचं नेता येतं?

पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या खाण्याची आणि औषधांची गोष्ट वेगळी. पण खोलीत खायला घरचं असणं फार उपयोगी पडतं. मेतकूट, खाकरे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आपला कोंडाजीचा चिवडा असं टिकणारं बरोबर घ्या. खोलीत चहाची किटली असते, त्यात नुसतं पाणी गरम करा. दूध उकळायला किंवा मॅगी शिजवायला ती वापरू नका.

नाश्ता दरात धरलेला असेल तर तो सावकाश, पोटभर करा. पार्क उशिरा उघडत असल्याने घाई नसते. साडेनऊला चांगला नाश्ता झाला की पार्कमधलं दुपारचं जेवण थोडक्यात भागतं आणि तेवढेच पैसे वाचतात. जैन जेवण किंवा उपवासाचं हवं असेल तर आधी कळवा. संकष्टी-एकादशी कॅलेंडरमध्ये बघून तारीख ठरवली तर आजीची आबाळ होत नाही.

कुठल्या रस्त्याने जावं?

दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला इगतपुरीवरून समृद्धी महामार्गाने. इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा मुलांना फार आवडतो. आमण्यानंतर भिवंडी-कल्याणच्या पट्ट्यातून कळंबोली गाठायचं आणि मुंबई–पुणे एक्सप्रेस वेवरून खोपोलीकडे उतरायचं. खरा वेळ जातो तो आमणे ते कळंबोली या तुकड्यात. सकाळी आठच्या आत तो पार केलात तर जिंकलात.

दुसरा रस्ता शहापूर, मुरबाड, कर्जत असा. अंतराने कमी, टोल कमी, बघायला सुंदर. पण काही ठिकाणी अरुंद आहे आणि पावसाळ्यात खड्डे पडतात. दिवसा आणि कोरड्या हवेत घ्या, रात्री नको.

गाडी नाही. रेल्वेने जमेल?

जमेल. नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीसारख्या गाडीने कल्याणला उतरायचं आणि तिथून खोपोली लोकल पकडायची. खोपोलीला जाणाऱ्या लोकल कर्जतच्या मानाने कमी आहेत, म्हणून वेळापत्रक आधी बघा. चुकली तर कर्जतला जाऊन तिथून पुढे जा. खोपोली स्टेशनवरून रिक्षा किंवा टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा. परतीची गाडी हॉटेलमधून आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पार्क गावाबाहेर आहे, तिथे हात केला आणि रिक्षा मिळाली असं होत नाही.

चेक-इनला काय काय लागतं?

प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो ओळखपत्र : आधार, वाहन परवाना, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट. पॅन कार्डवर पत्ता नसतो, त्यामुळे ते बहुतेक हॉटेलं घेत नाहीत, आणि नेमके बाबा तेवढंच खिशात ठेवतात. काही हॉटेलं अनामत म्हणून कार्डावरची काही रक्कम अडकवून ठेवतात. ती खर्च झालेली नसते, पण सुटायला काही दिवस लागू शकतात. डेबिट कार्डातून खात्यावरचेच पैसे अडकतात, म्हणून शक्य असेल तर क्रेडिट कार्ड द्या.

इतका खर्च करण्याआधी जवळ कुठे चाचणी घेता येईल?

शिर्डी. नाशिकहून सिन्नरमार्गे दोन-अडीच तासांत पोचता येतं. तिथे वेट अँड जॉय वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे भक्तीवर आधारलेलं थीम पार्क आहे, मुक्कामाला हॉटेलांची कमतरता नाही आणि साईबाबांचं दर्शनही होतं. मुलांना रांगा झेपतात का, आजोबा किती चालतात, एका खोलीत सगळ्यांची झोप होते का, हे एका रात्रीत कळतं. अगदी लहान मुलं असलेल्यांनी आधी इथेच जावं असं मी सुचवते.

आणि थेट परदेशातलं डिस्नेलँड?

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाला हाँगकाँगचं सोपं पडतं. ते २००५ मध्ये सुरू झालं, आकाराने आटोपशीर आहे, विमानतळ आणि पार्क दोन्ही लांताऊ बेटावरच आहेत, आणि पार्कची स्वतःची तीन हॉटेलं आहेत. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी आगमनपूर्व ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मोफत असते, पण ती मंजूर झाल्याशिवाय परतावा न मिळणारी खोली घेऊ नका. आधी पासपोर्ट, मग नोंदणी, मग विमान, मग हॉटेल, याच क्रमाने चला. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट फार तर पाच वर्षांचाच असतो. तारीख बघा आणि संपत आला असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आधी घ्या.

पार्कच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मिळणारे फायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत. टोकियोत डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना इतरांच्या १५ मिनिटं आधी आत सोडतात, आणि तिथल्या गर्दीत त्या १५ मिनिटांना खरोखर किंमत आहे. एका ठिकाणचा फायदा दुसरीकडे असेलच असं धरू नका.

परतीच्या दिवशी खोली सोडल्यावर लगेच निघावं का?

अकरा-बाराच्या सुमारास खोली सुटते. नाशिकला उजेडात पोचायचं असेल तर एकपर्यंत निघालं पाहिजे, म्हणजे मध्ये तासभर हाताशी असतो. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांपैकी एक, आणि परतीच्या वाटेपासून फार लांब पडत नाही. दुसरा अष्टविनायक, पालीचा बल्लाळेश्वर, उलट्या दिशेला आहे. दोन्ही करायचे असतील तर पाली पहिल्या दिवशी पोचल्यावर किंवा दोन रात्रींच्या मुक्कामातल्या मोकळ्या सकाळी करा, शेवटच्या दिवशी नको. चतुर्थीला दोन्हीकडे रांग मोठी असते. जेवण महडलाच उरकून घ्या, गाडीत पेट्रोल खोपोलीत भरा, आणि आमणे-भिवंडीचा पट्टा संध्याकाळी पाचच्या आत ओलांडा.